साडूभाऊंचा सर्व्हर

सुरळीत चाललेलं काहीही माझ्या साडूभाऊंना बघवत नाही. पंखा छान फिरत असला, तर तो याहून कमी आवाजात फिरेल का, या विचाराने ते तो खाली उतरवतात आणि घरची मंडळी आठवडाभर पुठ्ठ्याने वारा घेत बसतात. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर बसून ते पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांच्या वेबसाइट करतात. फोटो, समुद्र, माड, फोन नंबर, गिऱ्हाईक खूश. पण एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "इतकी वर्षं मी नुसत्या दुकानाच्या पाट्या रंगवल्या. आता आतलं दुकान मांडायचं." म्हणजे सर्व्हरचं प्रोग्रॅमिंग शिकायचं. सलूनमध्ये गालाला साबण लागलेला असताना त्यांनी सलूनवाल्याला सर्व्हर समजावून सांगितला. साबण गालावरच वाळला. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा, आपण फक्त भिंती घालायच्या, असं ते सांगत. मात्र भिंत घालायच्या आधीच त्यांना दुसरा, अधिक सुबक सांगाडा दिसे. मेहुणी शांतपणे म्हणायची, "सांगाडे पुष्कळ झाले. राहायला कधी जायचं?"

ती वेळ सासूबाईंनी आणली. सासरे गेल्यापासून त्या समुद्राजवळच्या घरात एकट्या असतात आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतात. बुकिंग फोनवर. त्यात पाहुण्यांचं गाव कुठलं, मासे कुठले चालतात, पोरांना तिखट सोसतं का, अशी चौकशी इतकी रंगे की तारीख विचारायची राहून जाई. एका शनिवारी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं बॅगा घेऊन दारात उभी राहिली. सासूबाईंनी स्वतःची खोली दिली आणि त्या पडवीत झोपल्या.

साडूभाऊंनी हे मनाला लावून घेतलं. अख्खा पावसाळा ते माडीवरून उतरले नाहीत. दिवाळीला खोली, तारीख, जेवणातले पदार्थ, सगळं वेबसाइटवर आपोआप ठरू लागलं. मोसमभर एकही घोळ झाला नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

शिमग्याला आम्ही अलिबागहून सासूबाईंकडे गेलो. जेवणं झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"जावई, बिघडलाय काय बघा ओ. वाजतच न्हाय."

मी पाहिलं, फोन ठणठणीत होता. पाहुणे आता वेबसाइटवरच ठरवतात, असं त्यांना सांगितलं.

"मंग बरं हाय," म्हणत त्यांनी तो पदराने पुसून फळीवर ठेवला.

साडूभाऊ झोपाळ्यावर बसून हे ऐकत होते. एरवी त्यांनी सर्व्हरवर अर्धा तास घेतला असता. त्या दुपारी ते फळीवरच्या फोनकडे बघत राहिले.

काही दिवसांनी सहज मी ती वेबसाइट उघडली. खोली नि तारीख पूर्वीसारखी ठरत होती, पण पदार्थांची यादी गायब होती. तिथे लिहिलं होतं, 'जेवणाचं आईंशी फोनवर बोलून ठरवा.' मी साडूभाऊंना विचारलं.

"ते प्रोग्रॅममध्ये बसत नाही, साडूभाऊ," ते म्हणाले. "फार गुंतागुंतीचं आहे."

मोसमभर ते बिनचूक चाललेलं मी पाहिलं होतं. "नसेल बसत," मी म्हणालो.

मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा सासूबाई आत कुणा पाहुणीला फोनवर सुक्या बोंबलाची चटणी सांगत होत्या, आणि त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून साडूभाऊंनी पायाने झोपाळा थांबवून धरला होता.