मंजुरी येईपर्यंत बोंबील

चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणारी मावशी साहेबाला आणि कावळ्याला सारख्याच मायेने 'बाला' म्हणायची. बोंबील हे निमित्त; मी बोईसरहून जायचो ते तिचं बोलणं ऐकायला! तिथल्या सरकारी वाळूवरून रस्ता जाणार होता. रस्ता आला की मावशीची जागा गेली. आखणीचे बांबू रोवून झाले, पण पर्यावरणाची मंजुरी काही येईना. मावशीने त्याच बांबूंना दोर बांधून बोंबील टांगले.

एकदा माझ्यासमोरच रस्त्याच्या कामाचे साहेब नाक दाबून आले. "मावशी, हे काढा आधी!"

"मंजुरी आली का, बाला?"

"नाही. यंदाही नाही."

मावशी खळखळून हसली. साहेबांच्या पिशवीत तिने चार सुके बोंबील कोंबले. "मग पुढच्या टायमाला बांबू जरा उंच आन. कुत्र्यांचं तोंड पोचतंय!"