ओल्या झाडांचा राखणदार

धडगावच्या डोंगरातला खात्या पावरा म्हणजे जंगलाचा बिनपगारी फौजदार. पाड्याच्या वनसमितीत वीस वर्षं त्याचाच शब्द चालला, आणि नियम एकच: ओल्या झाडाला हात लावायचा नाही, वाळलेलं, पोकळ झालेलं खुशाल न्या. एका हिरव्या फांदीपायी त्यानं सख्ख्या मेव्हण्याचा चारचौघांत पाणउतारा केला होता. शेजारचे डोंगर बोडके झाले, खात्याचा हिरवागार राहिला, आणि हे तो समोरच्याला दहा मिनिटांत दोनदा तरी ऐकवायचाच.

यंदा नंदुरबारच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अल्पनाताई रानपिंगळा शोधत आल्या, तेव्हा खात्याची स्वारी भलतीच खूश झाली. घुबडाचा हा मूठभर भाऊबंद दिवसाउजेडी ओरडतो आणि जगात फार थोडा उरलाय, असं ताईंनी सांगितलं. खात्या हसला. "आमच्याकडे लई आहेत. चला, दाखवतो."

तीन दिवस दोघं फिरली. नाला, टेकाड, पुन्हा नाला. पिंगळा काही दिसेना. तिसऱ्या दुपारी खात्याला लाज वाटू लागली. अल्पनाताई मात्र आता झाडांचे बुंधेच बघत होत्या.

"दादा, इथली म्हातारी, पोकळ झाडं कुठं गेली?"

"एक नाही ठेवलं," तो ऐटीत म्हणाला. "लोकांना तीच दिली. म्हणून तर बाकीचं वाचलं."

"पिंगळा असल्या झाडांच्या ढोलीतच अंडी घालतो, दादा."

सगळ्या रानात आपणच शहाणे, असं मानून खात्यानं वीस वर्षं काढली होती.

"शेवटचा कधी ऐकलात, आठवतं?"

आठवत होतं. चार वर्षांपूर्वी, होळीनंतर, त्याच्या धाकट्या लेकीचं, रूपलीचं लग्न होतं. गावजेवणाच्या सरपणासाठी नाल्याकाठचा पोकळ साग त्यानं स्वतः निवडला. नियम घरच्यांनाही तोच. झाड पडलं. पिंगळ्यांची जोडी भर दुपारी शेजारच्या फांदीवर बसून ओरडत राहिली, आणि खात्या सगळ्यांना म्हणाला होता, "बघा, रूपलीच्या लग्नाला वाजंत्री आले!"

हे त्यानं ताईंना सांगितलं.

"आम्ही लई हसलो, ताई," तो म्हणाला. "खोडात पिल्लं होती का, कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही."