हवाभाऊंच्या मागे चालताना

अक्षर खराब आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. कुणी वाचलं तर सांभाळून घ्यावं.

हवाभाऊ कुजबुजले तरी अर्ध्या गावाला ऐकू जायचं. "कोणाले सांगू नको बाई," असं ते माझ्या कानाशी म्हणायचे आणि पलीकडच्या बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "नाई सांगत, भाऊ." ते चिमूरकडचे. आमच्या जंगलात दर उन्हाळ्यात वनखात्याच्या रोजंदारीवर यायचे. त्यांच्या पाठीवर पाचोळा उडवायचं पेट्रोलचं मशीन असायचं, म्हणून गावाने त्यांचं नाव हवाभाऊ ठेवलं.

वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढतात. एक रुंद पट्टा पार उघडा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. पण साग रोज पानं टाकतो. सकाळी लख्ख केलेला पट्टा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला. बाकीचे मजूर कंटाळायचे. हवाभाऊ सागाकडे मान वर करून म्हणायचे, "टाक बाप्पा, टाक. तुह्यामुळंच आमची चूल पेटते."

मशीन सुरू झालं की चालवणाऱ्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मागून वाघ आला तरी कळणार नाही. म्हणून त्याच्या मागे एक माणूस चालतो. हवाभाऊंच्या कमरेला दोरी आणि दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे फीर. नवरा गेल्यावर मी या कामाला लागले. मला माणसांत बोलता येत नाही. इथे बोलायचंच नव्हतं. दिवसभर त्यांची पाठ बघत चालायचं. मोहफुलं वेचणाऱ्या बाया हसायच्या. "एकाले ऐकू नाई येत, एकीले बोलता नाई येत. सायबानं जोडी बरोबर लावली."

याच बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायच्या, म्हणजे फुलं जमिनीवर नीट दिसतात. तिथूनच वणवा उठायचा. हवाभाऊ त्यांना रागावले नाहीत. पहाटे, फुलं गळायच्या आधी, ते एकेका मोहाखाली जाऊन मशीनने जागा मोकळी करून द्यायचे. "आता पेटवशान त कायले?" एवढंच विचारायचे. खात्याचं हे काम नव्हतं. त्या भागात काडी लागणं मात्र हळूहळू बंद झालं.

मशीनला ते म्हाताऱ्या बैलासारखं जपायचे. गरम मशीन पाचोळ्यावर कधी टेकवायचं नाही, दगडावर ठेवायचं. निवल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही. जेवायच्या आधी हवेची जाळी काढून झटकायची. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. "पोटात जुनं पेट्रोल राह्यलं का पुढच्या साली रुसते," म्हणायचे. हे सगळं त्यांनी मला हाताने करून दाखवलं.

एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, मशीन बंद असतानाही ते दोरी सोडत नाहीत. वनरक्षक मागून काही विचारायचा, तेव्हा मी दोरी हळूच ओढायची. मग ते वळायचे, त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि उत्तर द्यायचे. आम्ही यावर कधी बोललो नाही. कान गेलेला माणूस पुढच्या हंगामाला कोण घेणार? आणि ते आले नाहीत तर मी कुणाच्या मागे चालणार होते?

मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलांना येतात. अशाच एका दुपारी आम्ही नाल्याकाठी थांबलो होतो. मला पाण्याला जायचं होतं म्हणून दोरी तेवढी सोडली होती आणि हवाभाऊ जाळी झटकत बसले होते. मी पाणी आणायला खाली उतरले. वर बघते तर त्यांच्या मागच्या झुडपातून अस्वल येत होतं.

मी ओरडले. आयुष्यात तेवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. "भाऊ, उठा!" ते जाळी झटकतच राहिले. पुन्हा ओरडले, पुन्हा. शेवटी हातातला पाण्याचा स्टीलचा डबा त्यांच्या पुढ्यात दगडावर फेकून मारला. आवाजाने अस्वल बिचकलं आणि बाजूच्या झाडीत शिरलं. भाऊंनी आधी डबा बघितला, मग माझं तोंड, मग अस्वलाची पाठ.

"तू बोंबलली होती?"

मी मान हलवली.

"मशीन त बंद होती," ते म्हणाले. पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच वनरक्षकाला सांगितलं, "मले आता नका घेऊ. मशीन बाईले द्या. तिले सारं येते."

"तिले? थे त बोलत बी नाई."

"मशीनसंग बोलाचं काय काम आहे?"

दुसऱ्या दिवशी ते चंद्रपूरला लेकीकडे गेले. एसटीत चढताना त्यांनी दोरीची गुंडाळी माझ्या हातात दिली. एसटी वळेपर्यंत मी ती धरून उभी राहिले.

आता मशीन माझ्या पाठीवर असतं. मधूनमधून लेक त्यांना फोन लावून देते. त्यांना काही ऐकू येत नाही, पण ते बोलतात. "इथी लय शांत आहे बाई," म्हणतात, आणि मागे ऑटोंचे हॉर्न वाजत असतात. एकेक प्रश्न विचारतात, मग उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबतात. मी उत्तर देते. मोठ्याने देते. माझ्या घरात दुसरं कुणी नसतं.

"जाळी साफ करतं ना?"

"करतो."

"मोहाखालची जागा करून देतं का बायाईले?"

"देतो, भाऊ."

यंदा मजूर कमी आले. मला मागे चालायला माणूस मिळाला नाही. थोडं चालून मी मशीन बंद करते, वळून बघते, पुन्हा सुरू करते. परवा त्यांनी विचारलं, "मांगं कोण चालते तुह्या?"

"कोणीच नाई, भाऊ."

उत्तराला लागेल तेवढं ते थांबले. मग म्हणाले, "हां. बेस झालं. मांगं माणूस पाह्यजेच."