भिंतीखालून निघालेली आई

मी नववीत असताना आमच्या घराची मागची भिंत आईच्या अंगावर पडली. शेजाऱ्यांनी तिला जिवंत काढलं, पण त्यानंतर ती घरात टेकेचना. जेवण अंगणात, झोपणंही अंगणात. कुणी दार लोटलं की ताडकन उठायची. बाबा चिडायचे, "आता काहून भेतीस? भिंत नवी बांधली न्हाई का?" मी तिचा पदर मुठीत धरून जागी राहायचे.

शेवटी बाबांनी आम्हा दोघींना हिंगोलीला, मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कंपाउंडरनं दार लावलं तशी आई उठली. बाईंनी तिला बसवलं नाही. खुर्च्याच व्हरांड्यात काढायला लावल्या.

"तुम्हाला बरं वाटेल तिथं बसा. नाही बोललात तरी चालेल."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुला झोप येते का गं?"

मला रडूच फुटलं.

आई तिथं काहीच बोलली नाही. परतताना वसमतच्या एसटीत मात्र अचानक म्हणाली, "तुमी हाका मारत व्हता, ते ऐकू येत व्हतं मला. पण तोंडात माती व्हती."

बाबांनी नुसता तिचा हात धरला.

पुढं बऱ्याच फेऱ्या झाल्या. थंडीत ती आत स्वयंपाक करू लागली. मागच्या खोलीत मात्र ती कधीच गेली नाही, आणि बाबांनीही तसा आग्रह धरला नाही.