पायांवर न्हाऊ घातलेलं वटवाघूळ

वटवाघळाच्या पिल्लाला कुणी तेल चोळून, पायांवर पालथं घालून, ऊनऊन पाण्यानं न्हाऊ घालतं का? मी घातलं. आज कुणाला सांगितलं की लोक पोटभर हसतात. हसू देत, मीही हसते. पण त्या दिवशी आपण फार शहाणपणाचं काम करतोय असंच मला वाटत होतं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही भोसरीत राहत होतो, एका ओळीतल्या तीन पत्र्याच्या खोल्यांपैकी मधल्या खोलीत. आमचे हे एका वर्कशॉपात लेथवर होते. मुलं तेव्हा गावी सासूबाईंकडे शिकायला. पलीकडच्या खोलीत भाभी आणि तिचा नवरा. तो स्कूटरचा मेकॅनिक, मी त्याला भाई म्हणायची. आणि पहिल्या खोलीत खोल्यांची मालकीण. जुन्या गावातली, एकटी बाई, तिला सगळे मावशी म्हणत. मावशी सुईण होती. अर्ध्या गावाला तिनंच या जगात ओढून आणलं होतं, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. चांगला सुटाबुटातला माणूस रस्त्यात दिसला तरी थांबवून म्हणणार, "पायाळू हुतास रं तू. लई तरास दिलास आयेला."

त्या चैत्रात नाशिक रस्ता रुंद करायला घेतला आणि कडेचे वड पडायला लागले. एका वडावर वटवाघळांची वस्ती होती. दुपारी भाई तिथून आला तो शर्टाच्या आत हात घालूनच.

"वहिनी, हात पुढं करा. पण ओरडायचं नाही."

मी नाही ओरडले. भाभी ओरडली. "या अल्ला! ये किस शैतान का बच्चा उठा लाए?"

"शैतानाचं नाही, वटवाघळाचं आहे. आई फांदीखाली मेली. हे तिच्या छातीला चिकटून होतं. लोक हसत होते, कुणी हात लावीना. मला काय ते सोडून येववलं नाही."

मी ते हातात घेतलं. कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, पिकल्या जांभळासारखे डोळे, मानेला तांबूस लव, आणि अंगाभोवती काळे पंख असे गुंडाळलेले की जुनी छत्रीच मिटून ठेवलीय. त्यानं माझ्या पदराला नख्या रुतवल्या आणि डोळे मिटले. झालं. आता ते माझं होतं.

वटवाघळाचं मला काय कळणार? पण बाळाचं कळत होतं, दोन वाढवली होती. मग मी सगळं रीतसर केलं. खोबरेल कोमट करून चोळलं, पंख ताणून ताणून चोळले. पाय लांब करून पायांवर घेतलं, न्हाऊ घातलं. शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी दिली. दुपट्यात घट्ट बांधून मांडीवर उताणं घेतलं आणि बोंडल्यानं शेळीचं दूध पाजलं. भाभी आधी चार हात लांब होती, ती हळूहळू सरकत आली आणि तिनं काजळाचं बोट काढलं.

"अगं, आधीच काळंकुट्ट आहे ते, त्याला कसली दृष्ट लागतेय?"

"ताई, नजर रंग देखके नहीं लगती," असं म्हणत तिनं गालावर तीट लावलीच.

दुसऱ्या सकाळी ते गार पडलं होतं. तेलानं लव अंगाला चिकटून बसलेली, डोळ्यांतून पाणी, आणि दूध पाजलं की नाकातून परत येई, वर फुर्रफुर्र आवाज. भाई जनावरांच्या डॉक्टरकडे धावला. डॉक्टरांनी टोपलीत बघितलं आणि दोन पावलं मागं झाले. म्हणाले, "अहो, मी म्हशी बघतो."

आम्ही तिघं टोपलीभोवती बसलो होतो, आणि दारात मावशी. पांढऱ्या दुधावर काळा केस दिसावा तसं तिला ते लगेच दिसलं.

"वाघूळ? माज्या घरात?"

"मावशी, लहान आहे हो, आई मेलीय त्याची—"

"आन माजी लेक येतीया बाळंतपनाला! वटपुनव सासरी करील आन दुसऱ्या दिवशी हितं येईल. तवा ह्या वळीत वाघळाची सावली दिसता कामा न्हाई. वटपुनवंला एक तर हे जाईल, न्हाईतर तुमी."

मला राग आला असता, पण येईना. मावशीच्या लेकीचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाची बाळंतपणं निभावणाऱ्या बाईच्या हातातून स्वतःच्या लेकीचं मूल निसटलं होतं. तेव्हापासून ती मांजर आडवं गेलं तरी माघारी फिरायची. तिला शहाणपण शिकवणारी मी कोण? मी मान डोलावली आणि पुन्हा दूध पाजायला घेतलं. दूध पुन्हा नाकातून आलं.

मावशी निघाली होती, ती थांबली. सुईणच ती. तिला असलं बघवत नाही.

"अशी काय पाजतीस? उताणी?"

"बाळाला असंच पाजतात ना."

"बाळाची आय सरळ बसती. ह्याची आय कशी ऱ्हाती? उलटी! मग ते दूध कसं पीत आसंल, काय तरी डोस्कं चालव की." तिनं पदर खोचला, पिल्लाला हात मात्र लावला नाही, बोटानं नुसतं दाखवत राहिली. "त्याला काठीला लटकू दे. त्वांड खाली. आता बाजूनं थेंब थेंब सोड. दमानं! त्याला गिळू तर दे. आन हे त्याल कुनी चोपडलंय? डाळीच्या पिठानं धू आधी. धुरी? वाघळाला धुरी? अगं, मारतीस का काय!"

बेसनानं धुतलं. भाभीनं पोटाशी धरून ऊब दिली, तिच्याकडे एक जुनी लोकरी बंडी होती. शाई भरायच्या ड्रॉपरनं, डोकं खाली लटकवून, एकेक थेंब. संध्याकाळपर्यंत फुर्रफुर्र थांबली. मावशी दारातनंच म्हणाली, "आता जगंल. पन वटपुनव ध्यानात ठेवा."

मग काय, आमचं घर त्याच्या तालावर चालायला लागलं. आम्ही झोपलो की ते जागं आणि आम्ही जागे की ते पंखात तोंड घालून झोपलेलं. आमच्या ह्यांची दुसरी शिफ्ट असली की ते घरी येऊन चपला काढताना म्हणायचे, "चला, आमची शिफ्ट सुटली, आता साहेबांची तिसरी सुरू. ओव्हरटाइम कोण देतं रे तुला?" भाईनं क्लचच्या जुन्या वायरीची एक दोरी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून दिली. तिच्यावरून ते उलटं चालत जायचं, एक पाय, मग दुसरा, अगदी म्हाताऱ्या कारकुनासारखं सावकाश. पपई, केळं, पिकला पेरू, सगळं चावून रस गिळायचं आणि चोथा बरोबर ह्यांच्या धुतलेल्या शर्टावर थुंकायचं. कुणा दुसऱ्याच्या कधी नाही.

भाभीचा तर जीवच जडला. तिला मूलबाळ नव्हतं. ती त्याला "नवाब" म्हणायला लागली, कारण दुपारी बाराला उठायचं नाही आणि संध्याकाळी खायला मागायचं.

आता वटपौर्णिमा पंधरा दिवसांवर आली, आणि नवाबाला उडता येत नव्हतं. दोरीला लटकून पंख फडफडवायचं, इतके की कॅलेंडरची पानं उडायची. पण दोरी काही सोडायचं नाही. आम्ही काय नाही केलं! खाली गादी अंथरली. भाईनं मच्छरदाणी चारी बाजूंनी धरायला लावली. आमचे हे स्वतः दोन हात पसरून खोलीभर "असं, असं" करत पळाले. भाई म्हणाला, "राव, तुम्हीच उडाल आधी." मी मात्र एक गोष्ट न चुकता करायची. ते पडू नये म्हणून दोन्ही तळहात त्याच्या खाली धरून उभी राहायची. त्याचं डोकं माझ्या हातांवर टेकलेलं असायचं.

एका संध्याकाळी अंगणात असाच आमचा सराव चालला होता. दोरी तिथं बांधली होती. मावशी कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडून बघत होती. बघते असं दाखवत नव्हती, मिरच्या निवडत होती.

"ए," ती म्हणाली, "खालचा हात काड."

"पडेल ना ते."

"पडू दे. पडल्याबिगर त्याला वारा कसा घावंल? चिमनी उडी मारून उडती. हे खाली पडून उडत आसंल. काड म्हनते ना!"

मी हात काढले. आणि भाभीनं टाळी वाजवली, एकच. नवाब दोरी सोडून दगडासारखं खाली आलं, आणि जमिनीला लागणार एवढ्यात पंख उघडले. ते अंगणातून गेलं, वळलं, आणि बरोबर मावशीच्या ओल्या लुगड्याला उलटं लटकलं.

मावशीच्या हातातली मिरची तशीच.

"नवं लुगडं हाय ते," ती शेवटी म्हणाली. "भोकं पडतील. काडा त्याला." पण आवाजात तिखट काही नव्हतं.

त्यानंतर ते रोज उडायला लागलं. पण उडणं वेगळं आणि आपल्या लोकांत जाऊन राहणं वेगळं. भाई निघोज्याला पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला जायचा, तिथं नदीकाठच्या वडावर मोठी वस्ती असल्याचं त्यानं हेरून ठेवलं होतं. वटपौर्णिमेला दुपारी मी पूजेचं ताट घेतलं, भाभीनं टोपली घेतली, आणि बघते तर मावशी नवं लुगडं नेसून दारात उभी.

"मी बी येनार. ते गेलेलं माज्या डोळ्यांनी बगितल्याबिगर माजी लेक हितं पाऊल टाकनार न्हाई."

एसटीत तिघी एका बाकावर. टोपलीवर फडकं, फडक्याखाली खुडबुड. समोरची बाई वाकून वाकून बघत होती.

"काय हाय वो टोपलीत?"

मी गोंधळले. मावशी म्हणाली, "वान हाय. पाच फळं."

"हालतंय की!"

"आंबा पिकला की हालतोच," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. भाभीनं ओढणी तोंडात कोंबली.

कुरुळी फाट्याला उतरून निघोज्याच्या नदीकाठापर्यंत चालत गेलो. वडाला सगळीकडून सूत गुंडाळलेलं, बुंध्याशी आंबे, जांभळं, फणसाचे गरे. आणि वर फांद्याफांद्यांना वटवाघळं, शेकड्यांनी, भांडत, किचकिचत. गावातल्या बाया पूजा करून परत गेल्या होत्या. मीही पूजा केली. मग भाभीनं टोपलीतून नवाबाला काढलं आणि एका पारंबीला लावलं. ते पारंबीवरून सरसर वर गेलं. पण पहिल्या फांदीशी थांबलं. वरची दोन मोठी त्याच्या अंगावर ओरडली. ते तिथंच पंख आवळून बसलं.

सूर्य कलला तशी वस्ती उठली. एकेक, मग दहा-दहा, मग सगळं आभाळच. नदीवरून पलीकडे. झाड रिकामं होत गेलं. आमचं तिथंच.

"घाबरलंय," भाभी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ताई, ले चलते हैं वापस."

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं आता ती म्हणणार, न्यायचं नाव काढाल तर बघा. शेवटची एसटी यायची वेळ झाली होती. उद्या लेक यायची होती. मावशीनं लुगडं सावरलं आणि सरळ वडाच्या मुळावर बैठक मारली.

"बसा गप," ती म्हणाली. "वेळ लागतो एकेकाला. घाई केली की बिगडतं."

बसलो. एसटीचा आवाज फाट्यावरून येऊन गेलासुद्धा. उजेड अगदी थोडा राहिला तेव्हा वरून एक उशीर झालेलं वटवाघूळ निघालं. जवळून गेलं, त्याच्या पंखांचा वारा आम्हाला लागला. आणि नवाब सुटलं. खाली आलं, उघडलं, आणि त्याच्या मागं नदीवर गेलं. थोडं वाकडं, नव्या सायकलवाल्यासारखं. पलीकडच्या काठावर उंबराचं झाड होतं. त्यात शिरताना ते फांदीला धडकलेलं दिसलं, मग पानं हलली, मग भांडण ऐकू आलं, मग भांडण थांबलं. आम्ही पुष्कळ वेळ बघत होतो. ते बाहेर आलं नाही.

मावशीची लेक दुसऱ्या दिवशी आली. श्रावणात तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि त्या पोरीला पहिल्या दिवसापासून भाभीच्या मांडीशिवाय झोप येत नसे. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघी एसटी चुकवून फाट्याकडे चालत होतो, भाभी नाक पुसत, मी रिकामी टोपली घेऊन. मावशी पुढं होती. एकाएकी ती थांबली.

"त्यो उंबर," ती म्हणाली, "पिकलाय का पर?"

"पिकलाय, मावशी. उजेड होता तेव्हा खालचा लाल सडा अलीकडच्या काठावरनं दिसत होता."

"मग बरं," ती म्हणाली, आणि समोरून दुधाचा टेम्पो येताना दिसला तसा तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला. टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, तर तो मावशीनंच या जगात ओढून आणलेला निघाला.