थुका, पण डबीत!

लोकांच्या ऑफिसात फायली साचतात. आमच्याकडे थुंकी साचायची आणि तिच्यासोबत किस्से! भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात मेश्राम मॅडम तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करायच्या. लाळेतले मायक्रोआरएनए तपासायचे. मी आणि प्रशांत त्यांचे असिस्टंट. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या मुलखात सॅम्पलची काय कमी!

*

पहिला कॅम्प सानगडीला. दवाखान्याच्या भिंतीवर बोर्ड: ‘येथे थुंकू नये’. नेमकं त्याच्याखाली आमचं टेबल! प्रशांतने एका काकांना डबी दिली. "थुका काका."

काकांनी बोर्ड वाचला, डबी पाहिली. "पयले तुमचं नक्की करा ना बाप्पा!"

*

तिथंच एका आजोबांनी विचारलं, "हे मायक्रो का काय, करते काय?"

मॅडमनी समजावलं, "लय बारीक असते. पेशीत जीनचे हुकूम निघतात, त्यातले काही हे दाबून टाकते. ‘वाढ थांबव’ हाच हुकूम दाबला, की गाठ वाढते."

"मंजे आमच्या सरपंचाचा भाऊ! पद नाई, पन कोनाचं काम पुढं जाऊ देत नाई!"

"सगळे तसे नसतात, आजोबा. काही गाठीला आवरून धरतात. कॅन्सरमध्ये नेमके तेच कमी होतात, मग गाठ पसरते."

आजोबा हसले. "चांगल्याचीच बदली होते, नाई का!"

*

आरएनए गरमीत लवकर खराब होतो, म्हणून डब्या बर्फात घालून एसटीने परत निघालो. कंडक्टरने विचारलं, "पेटीत काय हाय?"

"थुंकी."

तो बघतच राहिला. "लोकं माह्या गाडीत फुकट टाकून जातेत, अन् तुमी बर्फात ठेवून नेऊन राहिले?"

*

तुलनेसाठी निरोगी माणसांची लाळही लागायची. गालात खर्रा ठेवून काम करणाऱ्या प्रशांतने ऐटीत स्वतःची दिली. रिझल्ट आला तो पेशंटांच्या बाजूला झुकलेला!

"मशीन बिघडली मॅडम," तो म्हणाला.

"मशीन खर्रा खात नाही! यावरून निदान होत नाही, पण आजच तोंड दाखव."

दाखवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा. कॅन्सर अजून नव्हता. प्रशांत बाहेर आला, बाकावर बसून ढसाढसा रडला आणि खिशातली पुडी माझ्या हातात कोंबली. "फेकून दे. अन् मी मांगितली त देऊ नको."

संध्याकाळी मागितलीच!

दिली नाही.

*

कारध्याची सुमनबाई भंडाऱ्याच्या बाजारात भाजी विकायची. तिची हाक ऐकली, की शेजारचे भाजीवाले गप्प बसायचे. तिलाच जिभेचा कॅन्सर झाला. जिभेचा तुकडा काढावा लागला. "माय आता बोलन का?" म्हणत पोरगी सारखी डॉक्टरांच्या मागे.

ऑपरेशननंतरचं सॅम्पल घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सुमनबाई, बोलून बघा. काहीही बोला."

पोरीने हात जोडलेले. पलंगाच्या पायथ्याशी नवरा उभा, एक गाल फुगलेला. सुमनबाईने त्याच्याकडे पाहिलं, बोट उचललं आणि अडखळत, पण खणखणीत आवाजात म्हणाली,

"थूक!"

नवरा खिडकीकडे पळाला. त्याच्यामागे वॉर्डातले आणखी चार नातेवाईक!