कोचच्या निरोपाचा फिशपाँड

इंजिनिअरिंगला असताना गॅदरिंगच्या फिशपाँडमध्ये माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. ज्यांच्या कॉलेजात तो प्रकार नव्हता त्यांच्यासाठी सांगते. एक खोकं ठेवलेलं असतं. त्यात कुणीही कुणावरही एखादी चावरी ओळ लिहून टाकायची, खाली नाव घालायचं नाही. गॅदरिंगच्या दिवशी त्या ओळी स्टेजवरून वाचतात आणि ज्याच्यावर असेल त्याने हसत उठून उभं राहायचं. नागपुरात आमच्या एचओडींवर मी टाकलेली ओळ पुढच्या तीन बॅच म्हणत होत्या. आपल्याकडे तिखट जिभेचं कौतुकच होतं. मीही ते करून घेतलं, आणि त्याच जिभेने एका चांगल्या माणसाचं नाव खराब केलं. तेच इथे लिहायचं आहे, आणि मला ते बरेच दिवस लिहवत नव्हतं.

मी आयर्लंडला एम.एस्सी. करायला आले ते मलिंगार शहरापासून तासाभरावरच्या एका छोट्या गावातल्या कॉलेजात. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमला स्कोअर लिहायला कोणीतरी हवं होतं. मी शाळेत खेळायचे. उंची सोडली तर माझ्याकडे सगळं होतं. गेले, आणि राहिले.

टीमचे कोच पंचावन्नच्या आसपासचे. दिवसा एका शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे यायचे, चौदा वर्षं. बाकी सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत, मला ते कधी जमलं नाही. मी कोचच म्हणायचे. कधी ओरडत नसत. एखादीने सोपा बॉल घालवला की स्वतःच्या बुटांकडे बघत, जणू चूक बुटांचीच. हरणाऱ्या कॉलेजची टीम त्यांनी सेमीफायनलला नेली होती. डब्लिनच्या मोठ्या युनिव्हर्सिटीने त्यांना दोनदा बोलावलं, दोनदा ते नाही म्हणाले, हे गावातल्या खाटकाच्या दुकानातही ऐकायला मिळायचं. लहान जागी कोणीतरी टिकून राहायला हवं, हे त्यांचं वाक्य होतं. सोडून न जाणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

कोर्स संपल्यावर मी शिकलेल्यांना काही काळ राहू देणाऱ्या स्टे-बॅक व्हिसावर तिथेच राहिले, खोलीतूनच एका डब्लिनच्या कंपनीचं काम करायचे. पुढच्या सीझनला तू माझी असिस्टंट, असं कोचनी मला सांगितलं होतं. ते मी घरी सांगितलं आणि बाबांनी कॉलनीभर केलं. परदेशातल्या कॉलेजात पोरगी कोच झाली, असं. असिस्टंट हा शब्द त्यांनी वाटेतच गाळला.

२०२१चा जानेवारी आला तो कोरोनामुळे सगळं बंद करून. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. कोचनी गावच्या साप्ताहिकात पत्र लिहिलं, की खेळाडूंनी नियम पाळून इतरांना दाखवावं. आणि त्याच महिन्यात त्यांनी स्वतः तो मोडला.

आमच्या टीममधल्या एका मुलीची आई मलिंगारच्या हॉस्पिटलात होती. आजार बरा होणारा नव्हता. भेटायची परवानगी नाही. मुलगी कॉलेजजवळ खोली घेऊन राहायची, ती खाईना, झोपेना, टीमच्या ग्रुपवरचे तिचे मेसेज वाचून भीती वाटावी असे. कोच बारा किलोमीटरवरून रविवारी सकाळी गाडी घेऊन आले, हॉलची किल्ली त्यांच्याकडे होतीच. मला फोन केला: मुलगी आहे, मी पुरुष माणूस, बंद हॉलमध्ये दोघंच बरं दिसणार नाही, तू येशील का. मी गेले. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आम्ही मास्क लावून. कोच लांबच्या दाराशी खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसले. मी कोट घालून बाकावर. मुलीने पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, व्हिडिओवर आई. मुलगी फ्री थ्रो टाकायची आणि आई पलंगावरून मोजायची. चुकला की आई म्हणायची, कोपर, कोपर बघ. असे चार रविवार झाले. चौथ्या रविवारी मुलगी हसली. मी आयुष्यात बसून बघितलेल्या खेळांत ते चार रविवार सगळ्यात वर आहेत, आणि नेमका मी त्यांचाच उपयोग केला.

एप्रिलच्या शेवटी बातमी आली की कोच चालले. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या संपूर्ण बास्केटबॉलचे प्रमुख म्हणून. या वेळी हो म्हणाले होते. मला त्यांनी आधी फोन करून सांगितलं, वय होत चाललंय, ही शेवटची संधी. तुझ्यासाठी नवीन माणसाशी बोलेन म्हणाले. मी अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवून रडले. त्याच रविवारी बाबांनी विचारलं, "तुझे कोच जाऊन राहिले म्हणते, मग तुझं काय नं?" कॉलनीला काय सांगायचं, हा प्रश्न मला त्या वेळी फार मोठा वाटला होता.

निरोप झूमवर होता आणि तो मीच ठरवत होते. फिशपाँडची कल्पना माझीच. मुलींना ती लगेच पटली, एकमेकांची खेचल्याशिवाय तिथेही कोणाला अन्न पचत नाही. मी ऑनलाइन फॉर्म केला, नाव न विचारणारा. सोळा ओळी आल्या. कोचच्या गाडीतल्या जुन्या केळ्याच्या वासावर, त्यांच्या बुटांवर, एकाच निळ्या स्वेटरवर. सगळ्या प्रेमाने लिहिलेल्या. सतरावी मी टाकली. मूळ इंग्रजीत होती, यमक जुळवलेली. मराठीत साधारण अशी:

गावाला शिकवी पाच किलोमीटर,
रविवारी हॉलवर स्वतःच हजर.

गंमत म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. गंमत नव्हती. माझा जळफळाट झाला होता. सोडून न जाणारा म्हणून मिरवलात ना, मग लोकांना कळू दे तुम्हीही काही देव नाही, असं काहीसं मनात होतं. कॉलवर आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या बाई असतील आणि नव्या युनिव्हर्सिटीचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून असतील, हे माझ्या लक्षात आलं नाही, असंही मी बरेच दिवस सांगत होते. लक्षात होतं. त्या दोघांना लिंक मीच पाठवली होती.

वाचायचं कामही माझंच. एक ओळ गाळली असती तर कोणाला कळलं नसतं. पण हशा चढत गेला होता, मला रंग चढला होता, आणि मी ती ओळ चांगली थांबून, भुवया उडवून वाचली. कोणी हसलं नाही. पडद्यावरच्या चौकटींमध्ये मला फक्त ती मुलगी दिसत होती. तिने कॅमेरा बंद केला. कोचनी चष्मा काढला, माइक सुरू केला आणि म्हणाले, "ते खरं आहे." मग त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, प्रत्येकीचं नाव घेऊन. माझंही.

पुढचे दिवस वाईट होते. कॉलेजने चौकशी लावली. कोचनी लगेच कबूल केलं, की एका खेळाडूसाठी हॉल उघडला, शिवाय दुसरी एक प्रौढ व्यक्ती कायम हजर होती. नावं सांगायला त्यांनी नकार दिला. झालं, लोकांना तेवढं पुरलं. बंद हॉल, रविवार, मुलगी. दुसरी व्यक्ती खरंच होती कशावरून? चौदा वर्षं ज्या माणसाचा गावाला अभिमान होता, त्याच्याविषयी लोक आता आवाज खाली करून बोलू लागले. नव्या युनिव्हर्सिटीने नेमणूक थांबवून ठेवली.

मी एक ईमेल केला असता तर ते तिथेच संपलं असतं. मी होते तिथे, चारही रविवार, एवढंच लिहायचं होतं. दोनदा लिहिला आणि पुसला. नियम मीही मोडला होता, व्हिसाचं काय होईल याची धास्ती होती, आणि मी होते असं म्हटलं तर ओळ कोणाची हेही उघड झालं असतं. करून सवरून नामानिराळी राहायचं माझं ठरलं होतं, फक्त ठरवलंय हे मी मान्य करत नव्हते.

शेवटी ती मुलगीच चौकशीला गेली. तिने सगळं सांगितलं, आणि तिच्या आईने हॉस्पिटलातून फोनवर साक्ष दिली, "चारही दिवस मी पूर्ण वेळ बघत होते, ते गृहस्थ खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत." माझं नाव दोघींनीही घेतलं नाही. ती परकी मुलगी आहे, तिला त्रास नको, असं कोचनी त्यांना सांगितलं होतं. पलंगावर खिळलेल्या बाईने माझं काम केलं. कोचवरचा घाण संशय गेला, नियम मोडल्याचा ठपका राहिला. युनिव्हर्सिटीने त्यांना घेतलं, पण प्रमुख म्हणून नाही, दुसऱ्याच्या हाताखाली.

चौकशीनंतर त्या मुलीचा मला फोन आला. रडत होती. हॉलविषयी आपण रूममेटला बोललो होतो, तिथूनच टीममध्ये गेलं असणार, कोचचं आपल्यामुळे झालं, असं म्हणत होती. मी तिला समजावलं. सगळं ग्रँड, म्हणजे तिथल्या बोलीत ठीक, होईल म्हणाले. अर्धा तास मी तिची समजूत घालत होते, आणि फोन ठेवताना तिने माझे आभार मानले.

जुलैत मी कोचकडे गेले. ते अंगणात जुने बॉल पोत्यात भरत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी बुटांकडे पाहिलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "आमच्या मुली स्वेटरच्या पुढे जात नाहीत."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, माफ केलं की नाही ते मला आजही माहीत नाही. मग म्हणाले, "माझं काय ते मी बघेन. त्या मुलीला सांग, ती स्वतःला दोष देतेय. मी तुझ्या वतीने सांगणार नाही, आणि उशीर करू नकोस."

मी उशीर केला. तिची आई कधी हॉस्पिटलात, कधी घरी, अशा वेळी हा विषय कसा काढायचा, हे कारण चांगलं होतं. कोणालाही पटलं असतं. ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये आई गेली. मी अंत्ययात्रेला गेले, रस्त्याच्या कडेला गावासोबत उभी राहिले. मुलीने मला बघून मिठी मारली. तिथे कसं सांगणार? हेही कारण चांगलंच होतं.

ऑक्टोबरमध्ये मी बसने तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. सिंकजवळ आईची औषधं एका बास्केटमध्ये अजून तशीच होती. मी सांगितलं, सगळं, ओळीपासून पुसलेल्या ईमेलपर्यंत. तुझा यात काही दोष नव्हता, हेही. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, खरं तर तिने ओरडावं असंच वाटत होतं.

तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले.

"माझं सोड," ती म्हणाली. "माझं मला कळलं असतं कधीतरी. आईला वाटत होतं तिच्यामुळे झालं."

मला कळलं नाही. ती सांगत गेली. आईने ते रविवारचे व्हिडिओ कॉल वॉर्डातल्या नर्सना दाखवले होते, कौतुकाने, माझी पोरगी बघा म्हणून. आमच्या टीममधल्या एकीची मावशी तिथेच नर्स. फिशपाँडचं कळल्यावर आईने ठरवूनच टाकलं की आपल्याच तोंडून गेलं, आपल्या बडबडीने त्या भल्या माणसाची नोकरी घालवली. तिला किती समजावलं तरी ऐकेना.

"आईला बोलायला किती आवडायचं," मुलगी म्हणाली. "नर्स, सफाईवाल्या, सगळ्यांशी. त्यानंतर नाही बोलली. पलंगाभोवतीचा पडदा ओढून घ्यायला सांगायची आणि आत पडून राहायची. कोणाला काही बोलून जाईन म्हणायची. शेवटपर्यंत."

मी जुलै ते सप्टेंबर मोजू लागले आणि थांबले. मोजायची गरज नव्हती, कोचनी सांगितलं त्या आठवड्यात गेले असते तर पडदा उघडला असता. मी सॉरी म्हटलं. तो शब्द इतका छोटा मला कधी ऐकू आला नव्हता.

ती उठली आणि किटली लावली. त्या देशात घरात आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय पाठवत नाहीत, मग तो कोणी का असेना. दूध घालू का, तिने पाठमोरीच विचारलं. मी हो म्हटलं. तिने कप माझ्यासमोर ठेवला, आणि मी तो संपवेपर्यंत ती समोर बसून राहिली.